औषधांचा रकाना

७ ऑक्टोबर २०१२, रविवार

प्रिय इंकेरी,

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. माझ्या वयाच्या माणसाचं पत्र आलं की लोक आधी तेच शोधतात, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकलं.

विशेष असं काही नाही. नदीच्या या काठावरून त्या काठाला पत्र टाकलं, तर ते म्हणे आधी दोनशे मैल दक्षिणेला जातं, तिथे शिक्के खातं आणि तीन दिवसांनी पुलापलीकडे तुझ्या दारात पडतं. मी काठी टेकत निघालो तर वीस मिनिटं. पण चालत येण्याचं आपलं काही ठरलेलं नाही, तेव्हा पत्रच बरं.

मी कुठे राहतो ते तुझ्या कानावर आलंच असेल. आपली शाळा बंद पडली, पुढची चार-पाच वर्षं ती कबुतरांनी वापरली, मग एका कंपनीने सरकारी मदत घेऊन तिथे म्हाताऱ्यांसाठी घरं काढली. तुझ्या आईच्या आजारपणात आपलं घर गेलं होतं. मी अर्ज केला, तर नशिबाने मला दुसऱ्या मजल्यावरची नऊ नंबरची खोली मिळाली. माझाच वर्ग! छत्तीस वर्षं जिथे उभं राहून कविता शिकवल्या, तिथे आता माझा पलंग आहे. फळा त्यांनी काढला नाही, भिंतीतच बसवलेला होता. सकाळी उठलो की मी त्यावर एखादी ओळ लिहितो. समोर कोणी बसलेलं नसतं, पण हाताला खडू लागल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

तू खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायचीस. पाचवीत असताना तू नदीवर चार ओळी केल्या होत्यास:

नदीला दोन काठ असतात
असं मास्तर सांगतात.
मला एकच दिसतो,
मी ज्यावर उभी असते.

वर्गात मी इतरांसारखा तुलाही ‘मास्तर’च होतो, म्हणून तू तसं लिहिलंस. मी तुला दहापैकी सात दिले, यमक नाही म्हणून. आज दहा दिले असते.

आज दुपारभर वार्षिक कागद भरत होतो. इथल्या प्रत्येकाला दर ऑक्टोबरात ते भरावे लागतात. मिळकत किती, दुखणी काय, औषधांवर काय जातं. त्यावरून आपण भाड्यातलं किती द्यायचं ते ठरतं, बाकीचं वॉशिंग्टनहून येतं. अकराव्या रकान्यात औषधं लिहायची असतात. मी सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं. डॉक्टरचं नाव, औषध जी देते तिचं नाव, आणि राज्याने दिलेल्या कार्डाची प्रतही टाचणीने लावली.

कार्ड कसलं विचारशील. मी आता मिशिगन राज्याचा नोंदणीकृत रुग्ण आहे. गांज्याचा. तुला हसू येईल. येऊ दे.

तीन वर्षांपूर्वी मला नागीण झाली. कपाळाच्या डाव्या बाजूने डोळ्यापर्यंत आली. नागीण गेली, पण तिची धग मागे राहिली. टोपी घालवत नाही, उशीला तो गाल लावता येत नाही, वारा आला की कोणी तापलेला चिमटा ओढत नेतंय असं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुखणं कमी झालं, पण सोबत माझ्या कविताही गेल्या. म्हणजे बघ, फळ्यासमोर उभा राहायचो, पहिली ओळ लिहायचो आणि दुसरी यायचीच नाही. छत्तीस वर्षं मुलांना पाठ करायला लावलेली दुसरी ओळ! खडू हातात धरून मी रडलो आहे, इंकेरी. मग त्याच डॉक्टरांनी या औषधाचा कागद करून दिला. लोण्यात शिजवून ते लोणी वेलदोड्याच्या पावात घालायचं. तुझ्या आईच्याच पद्धतीने पाव करतो, फक्त एक तुकडा सकाळी आणि एक झोपताना. धग पूर्ण जात नाही, पण लांब उभी राहते. आणि दुसऱ्या ओळी परत आल्या.

एवढंच. लिहायला काही नव्हतं तरी चार पानं झाली.

बाबा


१६ ऑक्टोबर

प्रिय इंकेरी,

तुझं उत्तर येण्याइतके दिवस झाले, पण मी त्यासाठी लिहीत नाही.

आज डेल आला होता. डेल आठवतो? तुझ्या मागे दोन वर्षं. बर्फावरची ती लांबलचक कविता म्हणताना चौथ्या कडव्याला अडला आणि वर्गातून पळून गेला, तो. आता आमच्या इमारतीचा व्यवस्थापक आहे, पोट सुटलंय, पण माझ्या दारात अजून पायपुसण्यावरच उभा राहतो.

“सर, हे काय लिहिलंत?” त्याच्या हातात माझा कागद होता.

“खरं ते लिहिलं.”

“खरं मलाही कळतंय हो. पण अकराव्यात?”

“मग कितव्यात लिहायचं? औषधांचा रकाना तोच आहे.”

तो खुर्चीवर बसला आणि चेहरा दोन्ही हातांनी चोळू लागला. परीक्षेत असाच चोळायचा. मग म्हणाला, “सर, आपल्या राज्याच्या कायद्याने हे औषध आहे. पण भाडं देतं ते वॉशिंग्टन. त्यांच्या कायद्याने हा अजून गुन्हाच आहे, हेरॉइनच्या शेजारी मांडलेला. त्यांच्या पैशांच्या घरात हे ठेवलेलं त्यांना चालत नाही. आणि तुम्ही त्यांनाच सहीनिशी कळवलंत!”

“मला कार्ड राज्याने दिलंय, डेल. लपूनछपून आणलेलं नाही.”

“माहीत आहे. बाराव्या खोलीतल्या बाईकडेही आहे कार्ड. चौथ्यातल्या म्हाताऱ्याकडेही. त्यांनी ते लिहिलंय का कुठे? सगळ्या इमारतीत लिहिणारे तुम्ही एकटेच.”

सगळ्यांचे कागद तीस नोव्हेंबरला कंपनीच्या मुख्य कचेरीत जातात. त्यानंतर तिथले लोक ठरवतील. ठरवलं तर मला तीस दिवसांत खोली रिकामी करावी लागेल. जाताना डेलने फळ्याकडे पाहिलं आणि तिथली ओळ पुटपुटला. म्हणजे त्याला ती आठवत होती तर.

आणखी काही झालं नाही. थंडी पडली आहे. तू अंगावर नीट घेत जा.

बाबा


२४ ऑक्टोबर

प्रिय इंकेरी,

काल मी राज्याच्या कचेरीला फोन केला. जिने कार्ड दिलं तीच ही कचेरी. पाऊण तास वाजंत्री ऐकवल्यावर एक बाई आल्या.

“तुमचं कार्ड चालू आहे, सर.”

“ते मलाही दिसतंय, बाई. पण या कार्डामुळे मला घरातून काढतील का, एवढंच सांगा.”

“आम्ही फक्त कार्ड देतो, सर.”

“आणि ते खिशात घेऊन माणसाने राहायचं कुठे?”

“तो आमचा विभाग नाही.”

बाई उद्धट नव्हत्या बरं का. उलट फोन ठेवताना त्यांनी माझ्या चेहऱ्याची चौकशी केली.

मग आज ग्रंथालयात गेलो. महिन्यातून एकदा तिथे फुकट सल्ला द्यायला एक वकील पोरगी येते. तिने माझा कागद वाचला, कार्ड उलटसुलट पाहिलं.

“आजोबा, राज्य तुम्हाला पकडणार नाही,” ती म्हणाली. “पण राज्य तुमचं घरही वाचवणार नाही.”

“म्हणजे मी आहे तरी कोण?”

“राज्याच्या वहीत रुग्ण. देशाच्या वहीत...” ती शब्द शोधत राहिली. मुलं फळ्यापुढे शोधत तसा. “बेकायदा सेवन करणारे.”

“कंपनी मला काढेलच का?”

“काढू शकते. काढलंच पाहिजे असंही नाही. त्यांच्या मनावर आहे. एका ठिकाणी ठेवलंय, दुसऱ्या ठिकाणी महिन्यात बाहेर काढलंय. कोर्टात गेलात तर तिथेही जसा न्यायाधीश तसा निकाल. मी तुम्हाला खात्रीचं काही सांगू शकले असते तर बरं झालं असतं.”

छत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, उत्तर एक तर बरोबर असतं नाहीतर चूक. ती पोरगी माझं ऐकून घेत होती तेव्हा मला वाटत होतं, मी हिचाही मास्तर असतो तर हिचंही नुकसान केलं असतं.

बाबा


२ नोव्हेंबर

इंकेरी,

चार दिवस पाव खाल्ला नाही. म्हटलं बघू या. औषधच नसलं तर प्रश्नच मिटला, कंपनीला तसं लिहून देता येईल.

आज पाचवा दिवस. अक्षर वाकडं आलंय त्याला माफ कर, डावा डोळा मिटून लिहितो आहे. काल बर्फ पडलं आणि मी खिडकीही उघडू शकलो नाही.

जुनी गोळी एक शिल्लक होती. घेतली. सकाळी फळ्यापुढे बराच वेळ उभा होतो. काहीच लिहिलं नाही.

ऑरेलिया आली होती. हीच माझं औषध पिकवते. पलीकडच्या गल्लीतली इटालियन विधवा, तळघरात कुलूप लावून राज्याच्या परवान्याने बारा झाडं वाढवते आणि अंगणात टोमॅटो. डबा टेबलावर आपटला आणि मला फैलावर घेतलं.

“अहो मास्तर, डेल सांगत होता ते खरं? कागदावर माझंही नाव लिहिलंत?”

“विचारलं होतं, औषध कोणाकडून घेता.”

“आणि पत्ता?”

“पत्ताही.”

“मग तळघराची किल्ली कुठे टांगते तेही लिहायचं ना! बिचाऱ्यांना शोधावी लागेल.” मग माझ्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं आणि आवाज उतरला. “हे काय करून घेतलंत? कधीपासून?”

मी सांगितलं. तिने पावाचा तुकडा तोडून माझ्या हातात ठेवला आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली, लहान मुलापुढे उभं राहावं तशी.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमच्या खरेपणाची किंमत नेहमी दुसऱ्यालाच का पडते हो?”

तिला काही माहीत नाही. ती आपली सहज बोलली. मी दिवसभर त्या वाक्याशी बसून आहे.


१६ नोव्हेंबर

प्रिय इंकेरी,

काल हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला. आमची इमारत रिकामी झाली. ज्यांना चालवतं ते मुलांबरोबर, नातवंडांबरोबर रानातल्या खोपटात गेले. ज्यांना चालवत नाही त्यांनाही कोणीतरी गाडीत घालून नेलं, निदान शेगडीपाशी बसायला. सगळ्यांच्या अंगात शिकाऱ्यांचं ते नारिंगी जाकीट. जिन्यात मला विचारायचे, “मास्तर, तुम्ही कोणाबरोबर?” मी म्हणायचो, “मी हरणांच्या बाजूने.” हसायचे आणि जायचे.

खरं सांगतो, काल मी तुझ्याकडे यायला निघालो होतो.

मनात असं होतं की इथून काढलं तर कुठे जायचं हे आधी पाहून ठेवावं. राहायला येऊ का, असं विचारायचं नव्हतं. तू दार उघडतेस का, एवढंच बघायचं होतं. खिशात पावाचा डबा होता, वाऱ्यात एवढं चालायचं म्हणजे लागणार म्हणून घेतलेला. पुलावर आलो. मधोमध लोखंडी पाटी आहे बघ, अलीकडे मिशिगन, पलीकडे विस्कॉन्सिन. तिथे माझे पाय थांबले.

पाटीच्या अलीकडे मी रुग्ण. एक पाऊल पलीकडे टाकलं की खिशात गांजा बाळगणारा माणूस. तुमच्या राज्यात या कार्डाला कोणी विचारत नाही. उद्या तुझ्या घरी राहिलो तर पाव तिथे भाजायचा आणि तो सापडला तर तुझ्या घरात सापडणार. तुझ्या घरात, इंकेरी!

मी डबा कठड्यावर ठेवला. नदीत टाकून पुढे जावं असं वाटलं. मग सूर्य ढगाआड गेला, वारा फिरला आणि चेहऱ्याने मला उत्तर दिलं. मी डबा उचलून परत फिरलो. एक नारिंगी जाकीटवाला गाडी थांबवून म्हणाला, “आजोबा, सोडू का कुठे?” मी म्हटलं, “नको बाबा, इथेच राहतो.”

संध्याकाळी फळ्यावर एकच शब्द लिहिला आणि पुसला. कोणता ते सांगत नाही.

बाबा


१८ नोव्हेंबर, रविवार

इंकेरी,

मी आतापर्यंतच्या पत्रांत एक गोष्ट लपवली. खरं तर दोन.

पहिली डेलची. त्या दिवशी तो जाताना फक्त ओळ पुटपुटला नाही. त्याने खिशातून कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, “सर, तुमचा पहिला कागद माझ्याकडेच आहे. तो मी अजून कोणाला दाखवलेला नाही. हा नवा भरा. अकराव्यात ‘काही नाही’ लिहा आणि सही करा. पहिला कुठे गेला मला ठाऊक नाही. तुमच्या खोलीत काय शिजतं तेही मला ठाऊक नाही.” मी म्हटलं, “तू मला खोटं लिहायला सांगतोस, डेल?” तो म्हणाला, “हो सर, सांगतोय.”

तो अर्ज महिनाभर फळ्याखालच्या फळीवर पडून आहे. आणि मी तुला फोनच्या, वकिलाच्या, पुलाच्या गोष्टी लिहीत बसलो आहे. सुटकेची वाट डोळ्यांसमोरच होती.

दुसरी गोष्ट तुला माहीत आहे. पण मी ती कधी माझ्या तोंडाने म्हटलेली नाही, म्हणून लिहितो.

एप्रिल १९७९. बर्फ वितळत होतं, वर्गाच्या मागच्या खुंट्यांवर सगळ्यांचे कोट ओले लटकत होते. तुझा खाली पडला होता. वाळावा म्हणून मी तो उचलून गरम नळावर टाकला आणि खिशातून पुडी पडली. चिमूटभर. माझ्या आजच्या एका दिवसाच्या पावात जेवढा असतो, त्याच्या निम्माही नसेल.

मी ती पुडी घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. ट्रेव्हॅरो माणूस शहाणा होता. त्याने पुडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “वाल्फ्रिड, खाली बॉयलर पेटलेला आहे. मी जरा खिडकीतून बाहेर बघतो. परत वळेन तेव्हा टेबलावर काही नसेल.”

मी म्हणालो, “आणि उद्या दुसऱ्याच्या मुलीच्या खिशात सापडली तर?”

“उद्याचं उद्या बघू.”

तू तोवर दाराशी आली होतीस. कोणीतरी सांगितलं असणार. तू रडत नव्हतीस. तू म्हणालीस, “बाबा, शेरीफने विचारलं तर नाही म्हणा. एकदाच नाही म्हणा.”

शेरीफला कोणी विचारायला बोलावलंच नव्हतं. फोन मी केला.

त्या शनिवारी तुझ्या आईने वाफेच्या अंघोळीसाठी सौना तापवला नाही. आमच्या लग्नानंतर असा तो पहिलाच शनिवार. नर्सिंगची तुझी जागा गेली, शिष्यवृत्ती गेली. जूनमध्ये तू एक बॅग घेऊन पूल ओलांडलास. तेहतीस वर्षं तू पलीकडच्या वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम करतेस. ज्या चादरी नर्स म्हणून बदलायच्या, त्या धूत राहिलीस. आणि मी वर्गात मुलांना सत्यावरच्या कविता शिकवत राहिलो. आवाजही चढवायचो त्या कडव्यांना.

तेव्हा मी डेलचा अर्ज भरणार नाही. तुला जी सवलत दिली नाही ती स्वतःला कशी देऊ? पहिला कागद तसाच जाऊ दे. फक्त ऑरेलियाचं नाव तेवढं खोडायला सांगणार आहे. खोली गेली तर गेली. कुठे जाईन माहीत नाही, पण निदान यावेळी किंमत माझी मला पडेल.

हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. की म्हणूनच लिहितो आहे, कोण जाणे.

वाल्फ्रिड ताइपाले
(‘बाबा’ लिहायला आज हात होत नाही)


२३ नोव्हेंबर

प्रिय इंकेरी,

काल थँक्सगिव्हिंगचं जेवण खाली जुन्या व्यायामशाळेत होतं. मी गेलो नाही. फोन वाजला तेव्हा वाटलं डेल असेल, टर्की आणून देऊ का विचारायला. तुझा आवाज मी ओळखला नाही. बाई, कोण बोलतंय, असं विचारलं. तेहतीस वर्षांनी मुलीला काय विचारलं तर ‘कोण बोलतंय’.

तू बोललीस ते सगळं मी लिहून ठेवतो आहे. तुला परत पाठवतो आहे, कारण माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल तर तू सुधारावीस.

तू म्हणालीस, “तुम्ही काही बोलू नका. माझी दहा मिनिटांची सुट्टी आहे, मी बोलते.” मागे यंत्रं घरघरत होती. सणाच्या दिवशीही चादरी मळतातच.

तू म्हणालीस, “माझ्या नावाने घर सोडू नका. एकदा तुमच्या खरेपणापायी माझं घर गेलं. आता तुमचं जाणार आणि तेही माझ्याच गळ्यात?”

मी म्हटलं, “मला वाटलं, न्याय...”

“न्याय नको मला. तुमच्या न्यायाचं काय करू? उद्या तुम्हाला बाहेर काढलं म्हणजे मला नर्स करणार आहेत का कोणी?”

मी फळीवरच्या अर्जाकडे पाहिलं.

“अर्ज भरा तो.”

“खोटं आहे ते, इंकेरी.”

“हो, खोटंच आहे.” यंत्र एक बंद पडलं. “मी तेव्हा तेच मागितलं होतं तुमच्याकडे. एक खोटं. मी काही वेगळं मागितलं नव्हतं, बाबा.”

मग तू विचारलंस, “फार दुखतं का?”

“आत्ता नाही.”

“आत्ता नाही म्हणजे?”

“सकाळी पाव खाल्ला.”

तू हसलीस की खोकलीस ते मला कळलं नाही. तू म्हणालीस, “सुट्टी संपली,” आणि फोन ठेवला. तुझा नंबर मी विचारला नाही. तू येशील असं तू म्हणाली नाहीस आणि मी ये म्हणालो नाही. खालून सगळ्यांच्या ताटांचे आवाज येत होते.

बाबा


३० नोव्हेंबर

प्रिय इंकेरी,

आज सकाळी अर्ज फळीवरून काढला, धूळ झटकली आणि टेबलाशी बसलो. नाव, जन्मतारीख, पेन्शन. अकराव्या रकान्याशी आलो. पेनला शाई होती. ‘काही नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

खाली डेलकडे नेऊन दिला. त्याने वाचला नाही. शिक्का मारला आणि इतरांच्या गठ्ठ्यात घातला, मधे कुठेतरी, वर नाही आणि तळाशीही नाही. पहिला कागद त्याने माझ्यासमोर फाडला.

“बरं झालं, सर.”

“वर्षाने पुन्हा?”

“वर्षाने पुन्हा. आणि मधेच कंपनीची माणसं खोल्या बघायला आली तर आदल्या दिवशी फोन करीन. त्यांनी मला न कळवता यायचं ठरवलं, तर मग माझ्याही हातात नाही.” मग तो खाली बघत म्हणाला, “तोवर कायदा बदलला तर बरं. किंवा बदलून अजून वाईट व्हायचा. काही सांगता येत नाही हो.”

म्हणजे खोली राहिली, एका वर्षापुरती. कार्ड मी पुस्तकात दडवून ठेवलं आहे. पाव भाजताना आता खिडकी उघडतो आणि दाराखाली टॉवेल लावतो. जिन्यात कोणाची पावलं वाजली की उभा राहतो. शहात्तराव्या वर्षी शिकतो आहे हे सगळं.

पण मला तुला हे सांगायचं नव्हतं. मला सांगायचं होतं ते एवढंच. तो रकाना भरायला किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही, पण मिनिटही लागलं नसेल. दोन शब्द. आभाळ कोसळलं नाही, माझं तोंड वाकडं झालं नाही, एकही कविता विसरलो नाही. सही नेहमीसारखीच आली.

एवढंच होतं ते, इंकेरी. तू माझ्याकडे एवढंच मागत होतीस.

तुझा,
बाबा